उसनं छप्पर

आमच्या शाळेचं छप्पर मोडलं वानरांनी, आणि ते दुरुस्त होऊ दिलं नाही गावाच्या चांगुलपणानं. वानरांवर माझा राग नाही. चिंचेवरून उडी मारताना ती बिचारी खाली काय आहे ते पाहत नाहीत. त्यांना शाळा काय आणि पाटलाचा गोठा काय, सारखंच. पण माणसांचं काय करायचं? त्यांच्यावर रागवायला जावं तर ती चहा ठेवतात.

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती, पण दुष्काळी कामावर फोडलेली खडी अजून रस्त्याच्या कडेला तशीच पडलेली होती. वाशिम तेव्हा जिल्हा नव्हता. जिल्हा म्हटलं की अकोला. मी मूळची रिठदची. मास्तरणीचा कोर्स करून बाहेर पडले आणि पहिलीच नेमणूक झाली ती जऊळक्याच्या स्टेशनापासून तीन मैल आत असलेल्या एका गावी. गावाचं नाव सांगत नाही. त्यातले निम्मे लोक अजून हयात आहेत, आणि उरलेल्यांची नातवंडं माझ्याहून भांडकुदळ आहेत.

शाळेला खोल्या तीन, वर्ग सहा. शिक्षक कागदावर तिघं. त्यातले एक कायम रजेवर, म्हणजे खरे दोघंच: मी आणि बडे गुरुजी. बडे गुरुजी म्हणजे आमचे हेडमास्तर. डोक्यावर कडक टोपी, अक्षर मोत्यासारखं, आणि सरकारवर श्रद्धा अशी की पोस्टकार्ड आलं तरी उभं राहून वाचायचे. तिसऱ्या खोलीच्या छपरावर वानरांनी इतका धुडगूस घातला होता की पश्चिमेकडची सगळी कवेलू, म्हणजे कौलं, खाली आली होती. वर पाहिलं की आभाळ. भूगोल शिकवायला बरं पडायचं म्हणा, ढग दाखवायला बाहेर जावं लागत नसे.

एक दिवस बडे गुरुजी वर्तमानपत्र फडफडवत वर्गात आले. मुंबईचा पेपर आमच्याकडे रेल्वेनं एक दिवस शिळा होऊन यायचा. "बाई, तरतूद झाली! अंदाजपत्रकात शाळादुरुस्तीची तरतूद झाली!" चेहरा असा, जणू पैसा मारुतीच्या पारावर येऊन बसला आहे. संध्याकाळी त्यांनी पारावर तेच सांगितलं, तर एक म्हातारा सगळं ऐकून म्हणाला, "गुरुजी, पाटलाच्या घरी लगन ठरलं म्हंजे आपल्या पानावर बुंदी पडली असं नाई." म्हातारा निरक्षर होता, पण सरकारी कारभार त्याला आम्हा दोघांपेक्षा जास्त कळायचा.

बुंदी नाही, पण दिवाळीनंतर एक प्रपत्र आलं. योजना अशी होती की ज्या शाळेची खोली सरकारी पैशानं दुरुस्त होईल, तिथं त्याच कागदावर जूनपासून सातवीचा वर्गही मंजूर व्हायचा. दुरुस्ती आणि सातवी, दोन्ही एकाच दाव्याला बांधलेल्या. एक आली की दुसरी आली, एक गेली की दुसरीही गेली.

सातवीचं महत्त्व मला एका पोरीमुळे कळलं. सहावीत सात मुली होत्या. सातवी गावात नसेल तर किन्हीराजाला जायचं, पाच-सहा मैल, मधे नाला. पोरं गेली असती. पोरींना कोण पाठवतो? त्या सातांतली ही एक, बौद्धवाड्यातली. बाप दुसऱ्याच्या शेतावर मजुरीला. पोरगी गणितात अशी चलाख की मी फळ्यावर चुकले तर हात वर न करताच सांगायची. आणि हट्टी. रोज सकाळी हजेरी झाली की तिचा एकच प्रश्न, "बाई, आमची सातवी व्हईन ना?"

"होईल गं," मी म्हणायची. कुणाच्या भरवशावर म्हणत होते, देव जाणे. आणि नाही झाली तर तिचं काय होणार हेही मला ठाऊक होतं: आईबरोबर शेतात निंदणाला, आणि दोन वर्षांत लग्न. माझ्या बरोबरीच्या किती जणींचं तेच झालेलं मी पाहिलं होतं.

तर ते प्रपत्र. नवीन छापील, मुंबईहून आलेलं, रकानेच रकाने. वर ठळक अक्षरात सूचना: खाडाखोड केलेले प्रपत्र स्वीकारले जाणार नाही. आणि खाली रकाना: इमारतीस धोका आहे / नाही, नको तो शब्द खोडावा. बडे गुरुजींची झोप उडाली. खोडावं तर वरचा नियम मोडतो, न खोडावं तर खालचा. आठ दिवस ते प्रपत्र समोर घेऊन बसले. शेवटी दोन्ही शब्द तसेच ठेवून शेजारी मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं, "धोका आहे, असे नम्रपणे वाटते." मी हसले तर चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

पण नम्रपणा कामी आला. संक्रांतीच्या सुमारास निरोप आला: ओव्हरसियरसाहेब इमारत पाहायला येत आहेत. आता इथून पुढे जे झालं त्यात माझाही हात होता, आधीच कबूल करते.

बडे गुरुजींनी गाव गोळा केलं. पाटील शाळेच्या ओट्यावर उभे राहिले, वर पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "साहेब गावात येऊन राह्यले अन् शाळेले हे भगदाड? लोकं काय म्हनतीन आपल्याले?"

याच वेळी कुणीतरी म्हणायला हवं होतं की अहो शहाण्यांनो, साहेब ते भगदाडच पाहायला येऊन राहिले आहेत! कुणी म्हणालं नाही. मीही नाही. पाहुणा येणार म्हटलं की माझी आई आधी फाटकी सतरंजी उलटी करून घालायची. मी तिचीच लेक. मला वाटलं, खरंच की, बरं दिसत नाही.

कुंभाराची भट्टी त्या वर्षी अजून लागायची होती, नवी कवेलू मिळेनात. मग लोकांनी काय करावं? आपापल्या घरांवरची उतरवली. पाटलानं गोठ्यावरची दिली, कुणी पडवीवरची दिली, कुणी चुलीवरची. दोन दिवसांत भगदाड बुजलं. पण कवेलू ती कशी, कुणाची लाल, कुणाची धुरानं काळी ठिक्कर. छप्पर गोधडीसारखं दिसायला लागलं. बडे गुरुजींना ते खपेना. त्यांनी गेरू कालवून आणला आणि पोरांकडून वरून सगळ्या कवेलूंना फासून घेतला. बायकांनी जमीन सारवली, भिंतींना चुना दिला, आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं. भिंतीला एक भेग होती, हात जाईल एवढी. तिच्यावर महाराष्ट्राचा नकाशा टांगला. खोटं कशाला बोलू, ती अक्कल माझी.

साहेब जीपमधून उतरले. तरणाताठा माणूस, शहराकडचा, बोलायला गोड. मुलींनी स्वागतगीत म्हटलं. पाटलांनी नारळ दिला. पोहे झाले, चहा झाला. साहेबांनी तिन्ही खोल्या पाहिल्या, वर पाहिलं, खाली पाहिलं, नकाशासमोर उभे राहून "वा, नकाशा छान आहे" म्हणाले, वहीत लिहिलं आणि गेले. धूळ बसायच्या आत बडे गुरुजी मला म्हणाले, "बाई, साहेब फार खूश होऊन गेले. काम झालं समजा." मीही समजले. आम्ही उरलेले पोहे खाल्ले.

पत्र फेब्रुवारीत आलं. बडे गुरुजींनी सगळ्या गावाला बोलावून, झेंड्याच्या ओट्यावर उभं राहून, ते मोठ्यानं वाचलं. गावकऱ्यांनी शाळेची इमारत उत्तम राखली आहे, याबद्दल त्यांचे अभिनंदन. टाळ्या! पाटलांनी मिशीवरून हात फिरवला. कुणीतरी म्हणालं, पत्राला फ्रेम करू. गुरुजींनी पत्राची घडी घालायला घेतली.

"गुरुजी, मागच्या बाजूला काहीतरी आहे," मी म्हटलं.

मागच्या बाजूला होतं: इमारतीस दुरुस्तीची आवश्यकता दिसून येत नाही. सबब प्रकरण दप्तरी दाखल करण्यात येत आहे.

टाळ्या वाजवणारे हात तसेच राहिले. पुढच्या रांगेतून ती पोरगी उठली. "दप्तरी दाखल म्हंजे काय, बाई?"

"म्हणजे बांधून ठेवलं."

"मंग आमी?"

बडे गुरुजी टोपी काढून तिच्यात काही सापडतं का पाहत होते.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि तालुक्याला गेले. तेव्हा माझं वय बावीस, आणि राग नाकाच्या शेंड्यावर. हापिसात एक बाबू होते, सतरंजीएवढ्या टेबलामागे, भोवती लाल फितीत बांधलेले गठ्ठे. त्यांनी मला बसायला सांगितलं, पाणी दिलं, आणि शांतपणे म्हणाले, "बाई, तुमच्याच लोकांनी तुमची खोली चांगली करून ठेवली. आता सरकार काय करणार?"

"खोली चांगली आहे ना? मग सातवी द्या!"

"सातवी दुरुस्त झालेल्या खोलीला आहे. तुमची खोली दुरुस्त झालेली नाही. ती आधीपासूनच चांगली आहे."

माणूस थट्टा करत नव्हता. नियमच तसा होता, आणि नियमाला धरून तो अगदी सरळ चालला होता. पुढे तोच बाबू हळूच म्हणाला, "मार्च संपला की तरतुदीतला न वापरलेला पैसा परत मुंबईला जातो. ओव्हरसियरसाहेब मागच्या खोलीत आहेत. भेटून पाहा."

साहेबांना मी घडाघडा सगळं सांगितलं असं वाटेल तुम्हाला. डोंबल! लोकांनी घरं उघडी करून छप्पर झाकलं हे सांगायची मलाच लाज वाटली. ते सांगितलं असतं तर आम्ही साहेबांना फसवलं असं झालं असतं. मी एवढंच म्हटलं की छप्पर दिसतं तसं नाही, परत एकदा या. साहेब सज्जन होते. म्हणाले, "येतो. पण बाई, मला मोडकं दाखवा. न मोडलेलं मी मोडकं लिहू शकत नाही."

सोपं होतं. मोडायचं तेवढं! गावात आल्या आल्या मी सभा भरवली आणि सांगितलं, आपापली कवेलू उतरवून घरी न्या, साहेब परत येताहेत. मला वाटलं, लोक शिड्या घेऊन धावतील.

कुणी हललं नाही. पाटील म्हणाले, "पाटलानं देल्लं, थे पाटील वापस घेत नाई." एक आजी म्हणाल्या, शाळेले वाहिलेलं घरी नेलं तं पाप लागते. सगळ्यांच्या मागे पोरीचा बाप उभा होता. एरवी सभेत कधी तोंड न उघडणारा माणूस. तो हळू आवाजात म्हणाला, "बाई, माह्या बापाले या शाळेच्या पायरीवर बसू देत नोते. बाहेर उभं राहून आयकून आयकून तो उजळनी शिकला. आज त्याच शाळेवर माह्या घरचं कवेलू हाये. तुमी म्हनान थे काम करतो, पन थे कवेलू मी उतरवत नाई."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि रागही आला, दोन्ही एकदम. "अहो पण तुमच्याच पोरीची सातवी चालली ना यात!"

त्यानं खाली पाहिलं. "थे बी खरं हाये," म्हणाला. पण शिडी काही आणली नाही.

बडे गुरुजींना म्हटलं, तुम्ही तरी दहा-बारा काढा. त्यांनी कवेलूकडे पाहिलं, मग टोपीकडे, आणि म्हणाले, "शासकीय इमारतीचं नुकसान माझ्या हातून होणार नाही, बाई." हे झालं आमचं मोडणं.

मार्चच्या मध्यावर साहेब परत आले. मी बजावलं होतं, तोरण नको, पोहे नको, चुना नको. पहाटे जाऊन पाहते तर कुणीतरी सडा टाकून रांगोळी काढून गेलेलं. माझ्याकडून जेवढं मोडणं होतं तेवढं मी केलं: महाराष्ट्राचा नकाशा भिंतीवरून उतरवला.

साहेबांनी भेग पाहिली, हात घालून पाहिला. "भेग आहे. पण एवढ्यावर छप्पर मंजूर होत नाही, बाई. छपराला भगदाड कुठे आहे?"

सगळ्यांनी वर पाहिलं. वर एकसारखं, गेरू फासलेलं, दृष्ट लागावी असं छप्पर. आतून पाहिलं की काळं दिसायचं, चुलीच्या धुराचं, पण साहेबांना त्यातून काय कळणार? बडे गुरुजी पायाच्या अंगठ्यानं सारवण उकरत होते. मला वाटलं, गेलं. आता सगळं सांगून टाकावं म्हणून मी तोंड उघडलं, तोवर सहावीच्या रांगेतून ती उठून उभी राहिली.

"साहेब, भगदाड आमच्या घरी हाये."

साहेब हसले. "तुझ्या घरी?"

"चाला, दाखवतो."

आणि ती निघालीच. पोरगी पुढे, मागे साहेब, त्यांच्यामागे आम्ही सगळे, मिरवणूकच. बौद्धवाड्यातल्या शेवटच्या घरात ती शिरली. आई चुलीपाशी होती. वर आभाळ. चुलीच्या वर एक बारदाना चार सुतळ्यांनी ताणून बांधलेला, त्याला मधे जळून पडलेलं छिद्र. साहेब वाकून आत आले आणि त्या छिद्रातून पडलेल्या उन्हात उभे राहिले. आई बावरून उठली. पदर सावरत म्हणाली, "बसा ना साहेब, चहा ठेवतो."

"अठचं कवेलू शाळेवर हाये," पोरगी म्हणाली. "बाबानं उतरवलं अन् म्या वाहून नेलं. त्या बाजूच्या घरचं बी हाये. पाटलाच्या गोठ्याचं बी."

पाटील दारातून म्हणाले, "गोठ्यात जरा हवा येऊन राह्यली, चांगलंच हाये."

साहेबांनी तिला विचारलं, "मागच्या वेळी का नाही सांगितलं?"

"तुमी पाहुने होते ना," ती म्हणाली.

मोठी माणसं जे दोन महिने बोलली नाहीत ते तिनं एका वाक्यात बोलून टाकलं. साहेब चुलीशेजारी पसरलेल्या पोत्यावर बसले. आईनं चहा ठेवला तोवर त्यांनी प्रपत्र काढलं. दुसऱ्याच्या घराला पडलेल्या भगदाडासाठी त्यात रकाना नव्हता. खूप वेळ शोधून त्यांनी शेवटचा शेऱ्याचा रकाना निवडला. मी खांद्यावरून वाचलं. लिहिलं होतं: सदर छप्पर गावकऱ्यांनी आपल्या घरांवरून आणून घातलेले आहे. शाळेस छप्पर नाही.

मार्च संपायच्या आत मंजुरी आली. सातवीही आली, त्याच कागदावर. बडे गुरुजींनी पत्र उभं राहून वाचलं, या वेळी दोन्ही बाजूंनी. टिनपत्रे मात्र दिवाळीनंतर आले. सरकार म्हटल्यावर तेवढं चालायचंच. तोवर छपराला कुणी हात लावला नाही. आपल्या घरासाठी नवीन भट्टीतली कवेलू कुणी घेतली, कुणाला ती घेणं जमलं नाही.

जूनमध्ये सातवी सुरू झाली. साती पोरी आल्या. श्रावणात एके दिवशी झड लागलेली होती, सकाळपासून उसंत नाही. ती आली तर केसांतून पाणी, दप्तर ओलं, वहीची पानं चिकटलेली. मी खेकसले, "छत्री नाही तर गोणपाट घेऊन यायचं ना! वाटेत उड्या मारत आलीस की काय?"

"वाटंत नाई भिजली, बाई. घरीच भिजली. घरी गळते." तिनं वही उलगडून सारवलेल्या जमिनीवर वाळत घातली आणि पश्चिमेच्या बाजूला, तिच्या नेहमीच्या जागेवर जाऊन बसली. मी तिला कितीदा म्हटलं होतं, पुढे बस, तिथं उजेड कमी आहे. ऐकायची नाही. त्या दिवशी मी विचारलं, काहून गं तिथंच?

तिनं वर बोट दाखवलं. गेरू पावसानं केव्हाच धुऊन गेला होता. आतून ती काळी कवेलू जशी होती तशी होती.

"थे आमचं हाये," ती म्हणाली. "अठी नाई गळत."

मी फळ्याकडे तोंड केलं आणि बराच वेळ नुसती तारीखच लिहीत राहिले.